रिकामी असली की व्हायब्रेशन, भरली की मख्खन: उचललेल्या पिकअपचं एक प्रकरण

गाडी, माणसं आणि गरज

ही गोष्ट रावेर तालुक्यातली. नावं देत नाही, गाडीची कंपनी पण नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच. मालकांना अण्णा म्हणू, त्यांचा भाचा भाचाच राहू द्या, आणि ड्रायव्हर म्हणजे अण्णांकडे आठ वर्षं असलेला घरचाच माणूस. माझं स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, गॅरेज नाही, पण गाडी अडली की लोक विचारायला येतात. या प्रकरणात माझी पण एक चूक आहे, ती पुढे येईलच.

अण्णांची केळीची बाग सातपुड्याच्या पायथ्याकडे, काळी जमीन. पावसाळ्यात बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीड किलोमीटर म्हणजे नुसता चिखल, मधे एक नाला, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेली चाकोरी इतकी खोल की पिकअप तिच्यात उतरली की मधला उंचवटा खालून घासतो. घड बागेतून पिकअपमध्ये भरायचे, मुख्य रस्त्याला किंवा सावद्याला मोठ्या गाडीत चढवायचे, परत रिकामं यायचं, कापणी असली की दिवसाला चार-पाच फेऱ्या. म्हणजे गाडी जितकी भरलेली पळते तितकीच रिकामी पळते, हे लक्षात ठेवा, सगळं प्रकरण याच्यावरच फिरतं.

दोन पावसाळे गाडी फसली, एकदा तर कापलेले घड हौद्यात तसेच रात्रभर राहिले. भाच्याने मोबाईलवर उंच केलेल्या पिकअपचे व्हिडिओ बघितलेले, त्याने अण्णांच्या मागे लकडा लावला की मामा आपली पण उचलून घेऊ. जूनच्या आधी एका गॅरेजवाल्याकडून काम करून घेतलं. मागे पाटा आणि हाउसिंग, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलचं कवच, यांच्या मधे ७५ मिलिमीटरचे लोखंडी गुटके, वर एक जादा पाटा, लांब यू-बोल्ट, आणि पुढून टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारा पिळाचा दांडा, कसून गाडी थोडी वर. टायर तेच, रिम त्याच. गाडी दिसायला लागली एकदम रुबाबदार, भाच्याने फोटो पण टाकले.

त्रास काय होता

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर दुकानात आला. म्हणे, "भाऊ, गाडी लई व्हायब्रेशन मारू राह्यली. पंचेचाळीसला चालू होतं, साठला तर सीटखाली पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं." मी विचारलं स्टेअरिंग हलतं का, तर म्हणे नाही, स्टेअरिंग शांत, खाली बुडाला आणि गिअरच्या दांडीला मुंग्या येतात. मग जाता जाता म्हणाला, "पण भरलेली असली की काही नाही हो, मख्खन चालते."

हे शेवटचं वाक्य त्याने अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. अण्णांनी ऐकलं, गॅरेजवाल्याने ऐकलं, मी ऐकलं, आणि तिघांनी सोडून दिलं. पुढचे पाच आठवडे आम्ही जे केलं ते या एका वाक्याकडे बघून केलं असतं तर दोन दिवसांत निपटलं असतं.

आधी काय काय करून झालं

पहिलं म्हणजे व्हील बॅलन्सिंग, कारण गाडी थरथरली की सगळ्यांना तेच सुचतं. चारही चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली. अलाइनमेंट हवीच होती, पुढची उंची बदलली की चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बिघडतोच, पण व्हायब्रेशन जागच्या जागी. थोडा विचार केला असता तर कळलं असतं, टायर तेच, आदल्या दिवशीपर्यंत गाडी गुळगुळीत चालत होती, मग एका रात्रीत चारही चाकं कशी बिघडतील.

इथे एक साधा हिशेब सांगतो, मी तो फार उशिरा केला. या मापाच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर, म्हणजे चाक सेकंदाला साडेसात वेळा फिरतं. चाक बिघडलं असेल तर धडधड, सेकंदाला सात-आठ ठोके, ते वेगळे जाणवतात आणि पुढचं चाक असेल तर स्टेअरिंगला येतात. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, चाकाच्या चौपट फिरतो असं धरा, तर सेकंदाला तीस. आणि शाफ्टचे क्रॉस, म्हणजे तिरपं असूनही फिरू देणारे सांधे, कोनात चालत असतील तर एका फेऱ्यात दोन हिसके बसतात, म्हणजे साठ. साठ हिसके मोजता येत नाहीत, ती नुसती घरघर असते, बुडाला मुंग्या येतात. ड्रायव्हर पिठाची गिरणी म्हणाला होता ते शब्दशः बरोबर होतं.

दुसरं, सेंटर बेअरिंग. शाफ्ट पुढचा आणि मागचा असा दोन तुकड्यांचा, त्याला मधे धरतं ते हे. गॅरेजवाला म्हणाला मधलं बेअरिंग गेलंय, रबर ढिलं पडलंय. अण्णा माझ्याकडे आले, मी काउंटरवरून नवीन काढून दिलं. जुनं हातात घेऊन फिरवून सुद्धा बघितलं नाही. नवीन बसवलं, चाळीस किलोमीटर चालवली, सेम टू सेम. ही माझी चूक. गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं ही दुकानाची सवय आहे, पण मला जर माहितीये की लिफ्टनंतर आठवड्यात सेंटर बेअरिंग असं अचानक जात नसतं तर मी बोलायला पाहिजे होतं.

तिसरं, क्रॉस बदलायचं ठरत होतं. तेवढ्यात ड्रायव्हरने दाखवलं की डिफरन्शियलच्या तोंडाशी, जिथे शाफ्ट हाउसिंगला जोडतो, तिथे तेल झिरपायला लागलंय. पिनियनचं सील. तेव्हा मात्र अण्णा घाबरले आणि मला म्हणाले, "तू शिकलेला आहे ना, मग बघ ना राज्या एकदा नीट."

युरियाच्या गोण्यांची टेस्ट

मी गाडीखाली जायच्या आधी ड्रायव्हरला बसवून परत सगळं पहिल्यापासून विचारलं, कधी होतं, कधी नाही. तीन गोष्टी निघाल्या. रिकामी असली की होतं. अ‍ॅक्सिलेटर दाबला की वाढतं, पाय काढला की बरंच कमी. साठला गाडी न्यूट्रल करून सोडली तरी थोडं राहतंच, म्हणजे इंजिनाचा काही संबंध नाही.

मग म्हटलं हे वजनाचं खरंच आहे का ते आधी बघू. अण्णांच्या गोडाऊनला खत उतरलेलं होतं, युरियाची गोणी ४५ किलोची. आधी रिकामी गाडी फैजपूरच्या दिशेने पाच किलोमीटर नेऊन आणली, घरघर पंचेचाळीसपासून. मग दहा गोण्या टाकल्या, म्हणजे साडेचारशे किलो, आता पंचावन्नच्या पुढे आणि हलकी. मग वीस गोण्या, नऊशे किलो, सत्तरपर्यंत काहीच नाही, डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली सुद्धा स्थिर. गोण्या चढवणारी पोरं वैतागली, पण खर्च शून्य, आणि टायर, बेअरिंग, क्रॉस सगळे एका दुपारी संशयातून बाहेर. खराब बेअरिंग वजन टाकल्यावर सुधारत नाही. वजनाने बदलते ती एकच गोष्ट, गाडीची मागची उंची, आणि उंचीबरोबर शाफ्टचा उतार.

मोजमाप

एका पंपावरच्या सिमेंटच्या सपाट जागेवर, त्यांना विचारून, गाडी उभी केली. जॅकवर नाही, चाकांवर, कारण चाकं लोंबकळली की कोन भलतेच येतात. कोन मोजायला मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप वापरलं. पहिल्यांदा डावीकडून एक आकडा आला, उजवीकडून दुसरा, अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक, डोकं खाजवत बसलो. मग कळलं की मोबाईलच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा आहे, फोन सपाट टेकतच नव्हता. स्टीलची पट्टी धरली, कॅमेरा पट्टीच्या बाहेर राहील असा फोन तिच्यावर टेकवला, तेव्हा दोन्हीकडून आकडे जुळले.

आकडे असे. गिअरबॉक्स मागच्या बाजूला २.५ अंश उतरता. पुढचा शाफ्ट २ अंश उतरता. सेंटर बेअरिंगपासून मागचा शाफ्ट एकदम ९ अंश उतरता. आणि पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचं तोंड, ४.५ अंश वर बघत होतं.

आता गोम इथे आहे. क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतो, क्रॉसची बनावटच तशी. म्हणून मागच्या शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतात, एकाने केलेली गडबड दुसरा खोडतो, पण कधी, तर दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका रेषेत असतील तरच. योक बघितले, ते रेषेत होते. कोन मात्र मधल्या क्रॉसला ९ वजा २ म्हणजे ७, आणि मागच्याला ९ वजा ४.५ म्हणजे ४.५. अडीच अंशाचा फरक. साधारण एका अंशाच्या आत असावा असं धरतात, आणि मुळात कोनच तीनेक अंशांपर्यंत असलेले बरे.

आणि ही गडबड कोनाच्या वर्गाने वाढते, कोन दुप्पट तर हादरा चौपट. सात साते एकोणपन्नास, साडेचारचा वर्ग वीस, उरले २९. हा २९ चा आकडा म्हणजे हादरा नाही, पण तुलना करायला चालतो. गोण्या टाकल्यावर शाफ्टचा उतार कमी होऊन दोन्ही कोन लहान होतात, फरक तोच राहिला तरी वर्गांची वजाबाकी निम्म्यावर येते, आणि गाडी गप्प बसते.

पिनियन वर का बघत होतं तर गुटका सपाट नव्हता, पाचरीसारखा होता, जाड बाजू मागे. चुकून उलटा लागला असेल म्हणून गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणे, "मुद्दाम केलं भाऊ, शाफ्ट तिरपा झाला ना, मग तोंड शाफ्टकडे वळवलं." ऐकायला एकदम पटतं. आणि काही गाड्यांना वरच्या टोकाला डबल क्रॉसचा जॉइंट असतो तिथे खरंच पिनियन शाफ्टकडे वळवतात. पण साध्या क्रॉसच्या जॉइंटला पिनियन शाफ्टच्या पुढच्या भागाला समांतर पाहिजे, शाफ्टच्या तोंडाला तोंड नाही. त्यात अ‍ॅक्सिलेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियन आणखी वर उचकतं, म्हणून पाय दाबला की घरघर वाढायची. माणसाने डोकं लावलं होतं, चुकीच्या जॉइंटला लावलं.

खाली असताना आणखी एक सापडलं, आणि खरं सांगायचं तर व्हायब्रेशनपेक्षा मला तेच जास्त लागलं. मागच्या ब्रेकला वजनानुसार प्रेशर कमी-जास्त करणारा वॉल्व्ह असतो, त्याची दांडी हाउसिंगला जोडलेली. गाडीची चौकट हाउसिंगच्या जवळ आली की वॉल्व्हला कळतं माल भरलाय, मागचे ब्रेक वाढवा. गाडी ७५ मिलिमीटर उचलली, दांडी तशीच, म्हणजे भरलेली गाडी सुद्धा वॉल्व्हला जवळपास रिकामी वाटणार. दीड टन केळी घेऊन उताराला. ड्रायव्हरला विचारलं ब्रेक कसे वाटतात, तर म्हणे "हां, भरल्यावर थोडं लांब जाते, मला वाटलं लायनर झिजले." ब्रेकचा होज पण ताणलेला होता.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सरळ म्हणजे सगळं काढून गाडी कंपनीच्या उंचीवर आणायची. मी तेच म्हणत होतो, कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी जुळणार नाहीत असे बदल मालकाने करायचे नसतात, आणि उद्या काही झालं की इन्शुरन्सवाला आधी गाडीखाली वाकतो. अण्णा म्हणाले नाल्याचं काय करू, पावसाळा चालू आहे.

भाच्याचं म्हणणं उंची तशीच ठेवा, नुसता गुटका सपाट करा. हिशेब केला तर दोन्ही कोन सात-सात होतात, वजाबाकी शून्य, कागदावर छान. पण सात अंशांत क्रॉसची झीज चालूच राहणार, योकाला रोजचा ताण, आणि दोन क्रॉसच्या मधला, म्हणजे मागचा शाफ्ट हलके हिसके देत राहतोच. नको म्हटलं.

मग अण्णांना गाडीखाली बसवून एक गोष्ट दाखवली, आणि निर्णय खरा तिथे झाला. चाकोरीत घासतं काय, तर डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांना धरून असतो. पाटे आणि हाउसिंगच्या मधे गुटके टाकून चौकट वर गेली, हौदा वर गेला, सायलेन्सर आणि स्टेपनी वर गेली, गोळा जमिनीपासून तेवढाच राहिला. पट्टीने मोजून दाखवलं, तशीच पण न उचललेली एक गाडी शेजारी उभी होती, तिच्याइतकंच माप. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाच्याला म्हणाले, "एवढे पैसे घालून आपण हौदा वर केला?" गोळा वर न्यायचा तर मोठे टायर हाच मार्ग, आणि त्यात परत गिअरिंग, स्पीडोमीटर, ब्रेक सगळं आलं.

अगदी काही उपयोग झाला नव्हता असं नाही. नाल्याच्या चढावर आधी मागची स्टेपनी टेकायची ती आता टेकत नव्हती. त्याला किती उंची लागते ते मोजलं तर ४० मिलिमीटर पुरेसे.

काय केलं

७५ चे पाचरी गुटके काढून लेथवाल्याकडून ४० चे सपाट गुटके करून घेतले, सेंटर बोल्टच्या डोक्याला खोबण, खाली पिन, दोन्ही नग एकाच वेळी मापात. यू-बोल्ट नवीन, जुने परत वापरले नाहीत, ते एकदा ताणले की ताणले. जादा पाटा राहू दिला. सेंटर बेअरिंगचं ब्रॅकेट आणि चौकट यांच्या मधे १५ मिलिमीटरचे स्पेसर टाकले, त्याने मधला सांधा खाली आला, पुढच्या शाफ्टचा उतार थोडा वाढला आणि मागच्याचा कमी झाला. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही भागांवर खडूने नाही, पंचने खूण केली, स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी सांधा, एक दात जरी इकडेतिकडे बसला तर योक रेषेतून जातात आणि नवीनच व्हायब्रेशन जन्माला येतं. पिनियनचं सील बदललं, होज लांब घेतला, वॉल्व्हच्या दांडीची सेटिंग त्या कामाच्या माणसाकडून करून घेतली, हे स्वतः करायचं काम नाही.

काम त्याच गॅरेजवाल्याकडे केलं. अण्णा चिडलेले होते, दुसरीकडे नेऊ म्हणत होते. मी म्हटलं त्याला आता कळलंय, दुसऱ्याला परत पहिल्यापासून सांगावं लागेल. त्याने मजुरी घेतली नाही.

निकाल

परत त्याच पंपावर मोजलं. मागचा शाफ्ट ६.६, पुढचा २.८, पिनियन २. म्हणजे मधला क्रॉस ३.८ आणि मागचा ४.६. फरक पाऊण अंशाच्या आसपास, वर्गांची वजाबाकी २९ वरून ७. आणि पिनियन मुद्दाम थोडं खाली राहू दिलं, अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर ते वर उचकतं तेव्हा ४.६ चा ३.८ कडे सरकतो.

रिकामी गाडी साठला गप्प. पंच्याहत्तरच्या पुढे बारीक घरघर आहे अजून, ती राहणार. अण्णा म्हणाले एवढ्या जोरात आपल्या रस्त्याला चालवतं कोण, ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत होता. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत कसायला बोलावलं, तर चारही यू-बोल्टचे नट पाव-पाव आटा फिरले.

परत करायचं झालं तर

गोण्यांची टेस्ट पहिल्या दिवशी. बॅलन्सिंगचे पैसे वाचले असते, बेअरिंगचे वाचले असते, सील कदाचित गेलंच नसतं. दुसरं, लिफ्टच्या आधी रिकाम्या गाडीचे चार कोन मोजून भिंतीवर लिहून ठेवले असते, आम्हाला मूळ आकडे माहीतच नव्हते, सगळं अंदाजाने मागे जावं लागलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. गुटके आणि स्पेसर आम्ही एकाच दिवशी टाकले, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे कोनांवरून सांगता येतं, चालवून सांगता येत नाही. पावसात गाडी दोन दिवस उभी ठेवायला अण्णा तयार नव्हते, कापणी ठरलेली होती.

आणि मुळात चिखलाचं. नाल्याजवळचा शंभरेक फुटाचा पट्टा मुरूम टाकून भरला असता तर गाडीला हात लावायची वेळच आली नसती. ते अण्णांनी या दिवाळीनंतर करायचं ठरवलंय, शेजारच्याने निम्मे पैसे दिले तर.

जुनं सेंटर बेअरिंग माझ्या दुकानातच आहे, काउंटरच्या कोपऱ्यात. रबर टणक, आवाज नाही, चांगलं अजून दोन वर्षं चाललं असतं. अण्णा पार्ट घ्यायला आले की ते उचलतात, कानाजवळ धरून बोटाने फिरवतात, परत ठेवतात. बोलत काही नाहीत.